कोडियाकराईची वाळू, चिखल आणि मधली वीतभर उंची

तुमचे प्रश्न दोन आहेत. मे महिन्यात तुम्ही कोडियाकराईला जाऊन आलात. पुळणीवरून आत चालत गेलात, तर अर्ध्या तासात झाडोरा पाच वेळा बदलला; असं का, हा पहिला. आणि अभयारण्य म्हणवणाऱ्या जागेत एवढी उघडी वाळू आणि भेगाळलेला चिखल नुसता पडून आहे, मग तिथे झाडं का लावत नाहीत, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे. त्यामुळे तुम्ही चाललात त्याच वाटेने पुन्हा एकदा जाऊ, फक्त या वेळी मान खाली घालून.

आधी जागा कशी आहे ते बघा. तामिळनाडूचा किनारा उत्तरेकडून सरळ खाली येतो आणि इथे काटकोनात वळतो. पूर्वेला बंगालचा उपसागर, दक्षिणेला पाल्कची सामुद्रधुनी. त्या कोपऱ्यावर वाळू साठत गेली आणि एकामागे एक बुटक्या, लांबट टेकड्या तयार झाल्या. त्यांच्या मागे वेदारण्यमची प्रचंड दलदल, मिठागरं, आणि पश्चिमेला मुत्तुपेटची खारफुटी. काळविटांसाठी 1967 साली अभयारण्य झालं; पुढे 2002 मध्ये दलदल आणि खारफुटीसकट 38,500 हेक्टरांचा पट्टा रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. या सगळ्या परिसरातली उंच जागा म्हणजे रामर पादम, जिथे रामाची पावलं दाखवतात. ती समुद्रसपाटीपासून चारेक मीटर. म्हणजे दुमजली घराएवढीसुद्धा नाही. तिथे उंची मीटरमध्ये मोजून काही हाती लागत नाही. ती वितीत मोजायची.

भरतीची रेघ ओलांडली की पहिली भेटते ती मर्यादवेल. आपल्या लोकांनी हे नाव काय विचार करून ठेवलंय! समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथून ही सुरू होते. बकरीच्या खुरासारखं दुभंगलेलं पान आणि जांभळं फूल असलेली ही वेल वाळूवरून मीटरच्या मीटर सरपटते आणि प्रत्येक पेराला मूळ धरते. एक फांदी लाटेने तोडली तरी उरलेली स्वतंत्र झाड म्हणून जगते. तिच्या बरोबरीने, किंवा थोडं वर, स्पिनिफेक्स हे टोकदार गवत. तमिळमध्ये त्याला ‘रावणन मीसै’ म्हणतात, म्हणजे रावणाची मिशी. अनवाणी चालला असाल तर नाव का पडलं ते सांगायला नको. याची नर आणि मादी झाडं वेगळी. मादीचा काट्यांचा गोळा पिकला की सुटतो आणि वाऱ्यावर पुळणीवरून गडगडत जातो. अडकेल तिथे बी सांडतं.

या पट्ट्यातल्या वनस्पतींना सगळ्यात जास्त त्रास खाऱ्या तुषारांचा आणि अंगावर येऊन पडणाऱ्या वाळूचा. पण स्पिनिफेक्सला वाळूत पुरलं जाणं मानवतं. वाळू चढली की नवे धुमारे वर येतात, खोडांच्या जाळ्यात आणखी वाळू अडकते, आणि ढिगारा वाढत जातो. वाळूची टेकडी आधी तयार झाली आणि मग तिच्यावर गवत उगवलं, असा क्रम डोक्यात असेल तर तो उलटा करा. टेकडी ही गवताने बांधलेली वस्तू आहे. वाळू येणं थांबलं, की काही वर्षांत हेच गवत विरळ होऊ लागतं आणि त्याच्या जागी लव्हाळ्याच्या जातीतली बारीक, खोल मुळांची झाडं, जमिनीलगतच्या बारक्या वेली, मग झुडपं येतात.

असा क्रम 1899 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री चँडलर काउल्स यांनी अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या वाळूवर दाखवून दिला. किनाऱ्यापासून आत चाललं की आपण जणू काळात मागे मागे, जुन्या जमिनीकडे जातो, ही त्यांची मांडणी. पाठ्यपुस्तकं अजून तेच शिकवतात. कोडियाकराईला ती मांडणी पुढच्या दोन टेकड्यांपुरती बरी लागू पडते. त्यापुढे अडखळते, कारण मिशिगनचं पाणी गोडं आहे.

इथे थोडं पाण्याबद्दल सांगावं लागेल. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे, आणि झाडांची यादी करायला निघालेले बहुतेकजण नेमकं तेच विसरतात.

पाऊस वाळूत मुरतो. खाली समुद्राचं खारं पाणी आधीच असतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं आणि टेकडीच्या पोटात भिंगाच्या आकाराचा गोड्या पाण्याचा साठा तयार होतो. 1888 मध्ये बॅडन खायबेन यांनी आणि 1901 मध्ये हेर्त्सबर्ग यांनी याचा हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं पाणी उभं असेल तर सपाटीखाली साधारण 40 मीटर खोलपर्यंत गोडं पाणी असायला हवं. अरुंद टेकडीत प्रत्यक्षात इतकं मिळत नाही, कारण दोन्ही बाजूंनी ते झिरपून जातं आणि भरती-ओहोटीने मिसळतं. पण गुणोत्तर लक्षात ठेवा. वरचं पाणी वीतभर उतरलं, तर खालचं खारं पाणी त्याच्या कैक पट वर सरकतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याची उथळ विहीर असते आणि तीच विहीर पंप लावला की खारट होते, ते यामुळे.

आता दुसरी गोष्ट, मातीची. वाळूचे कण जाड, त्यांच्यातून पाणी केशाकर्षणाने फार वर चढत नाही. काही वितींत संपतं. चिकणमातीत मात्र तेच पाणी मीटरभर, कधी त्याहून वर चढतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. म्हणून वाळूवर जरा उंची मिळाली की मिठाशी संबंध तुटतो. चिखलावर तेवढीच उंची मिळाली तर उलट होतं: भरतीचं पाणी येऊन धुवायचं थांबतं, पण खालून मीठ चढत राहतं. पाण्यापासून दूर असलेला चिखल पाण्यालगतच्या चिखलापेक्षा जास्त खारा असू शकतो, हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा क्षारता मोजायचा मीटरच बिघडलाय असं मला वाटलं होतं.

तिसरी गोष्ट भरतीची. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. इथे सगळा खेळ अर्ध्या-पाऊण मीटरचा. तिकडे वीतभर उंचसखल असलं तरी झाडाला पत्ता लागत नाही. इथे वीत म्हणजे भरतीच्या सगळ्या पल्ल्याचा जवळपास तिसरा हिस्सा. त्यातून दलदलीतलं पाणी चंद्रापेक्षा वाऱ्याचंच जास्त ऐकतं. जोराचा वारा सुटला की पाणी एका बाजूला ढकललं जातं, दुसऱ्या बाजूचा चिखल उघडा पडतो.

या तिन्ही गोष्टी एकत्र धरा आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या टेकडीवर उभे राहा. इथलं रान तुम्हाला काटेरी झुडपांचं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. बाहेरच्या कडेने तसं दिसतं खरं. हे शुष्क सदाहरित वन. कोरोमंडल किनाऱ्याचं खास रान, आणि आता तुकड्यातुकड्यांतच उरलेलं. उन्हाळा लांबलचक, पावसाचा मुख्य भर ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा; तरी पानं झडत नाहीत. पानगळीचं रान शोभावं अशा हवामानात सदाहरित रान कसं, हा जुना प्रश्न आहे. जाड, मेणचट, लहान पानं हे त्याचं अर्धं उत्तर. इथल्या वाळूपुरतं बोलायचं तर पोटातला तो गोड्या पाण्याचा साठा हे उरलेलं अर्धं, असं मी मानतो.

राजा इथे खिरणी. तमिळमध्ये ‘पालै’, चीक दुधासारखा म्हणून. सावकाश वाढणारं, लोखंडासारखं लाकूड, उन्हाळ्यात गोड पिवळी फळं. तिच्या सावलीत अंजनी, जांभूळ, माकडलिंबू, करवंद, गेळा. कडेला, जिथे मीठ थोडं जाणवतं तिथे, खाकण म्हणजे पिलू. खाकणाची गंमत अशी की ते गोड्या वाळूवरही वाढतं आणि खाऱ्या मातीच्या काठावरही. त्यामुळे रानाची कड कुठे आहे हे खाकणावरून ठरवू नका. खिरणीवरून ठरवा. खिरणी संपली की खालचं गोडं पाणी पातळ झालं, हे माझ्या अनुभवात क्वचितच चुकलंय.

दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात पावसानंतर पाणी साचतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तिथे लव्हाळी, पाणकणीस, चिमुकल्या पाणवनस्पती अशी धांदल असते. तुम्ही मेमध्ये गेलात म्हणून तुम्हाला नुसती पिवळी गवताची चटई दिसली. याबद्दल एक कबुली. नवखा असताना एका कोरड्या उन्हाळ्यात मी अशाच एका किनाऱ्याचा नकाशा काढला आणि सगळ्या खोलगट पट्ट्यांवर ‘ओसाड’ असं लिहून मोकळा झालो. जानेवारीत परत गेलो, तर ओसाड जमिनीत घोट्यापर्यंत पाणी आणि वर हिरवा गालिचा. नकाशा पुन्हा काढावा लागला. तेव्हापासून एका ऋतूत काढलेल्या नकाशावर, मग तो कोणाचाही असो, माझा विश्वास नाही.

त्यापुढे उघडं गवताळ मैदान, काळविटांचं. हरळी, इतर बुटकी गवतं आणि खारपट भागात एलुरोपस नावाचं राठ, सरपटणारं गवत. याच्या पानांवर सकाळी हात फिरवा, बोटाला मीठ लागतं. जादा मीठ ते पानातूनच बाहेर टाकतं. मैदान उघडं राहिलंय त्यात मिठाचा, साचणाऱ्या पाण्याचा आणि चरणाऱ्या जनावरांचा, असा तिघांचा हात आहे. काळविटांबरोबर तिथे रानटी झालेली घोडीही चरतात, आणि त्यांच्याबद्दल वाद आहेत. त्या वादात मी इथे पडत नाही.

मैदान उतरत दलदलीला मिळतं तिथे मांसल पानांच्या वनस्पती. जमिनीलगत पसरणारी लालसर देठांची सेसुवियम, तिला काही ठिकाणी धापा म्हणतात. मग मोरस, आणि सगळ्यात खाली, सगळ्यात खाऱ्या जागी, पानंच नसलेली, कांड्याकांड्यांची सालिकोर्निया आणि तिची भावंडं. वीत-दीड वीत उतारात तीन पट्टे. मीठ वाढेल तशी पानं गुबगुबीत होत जातात आणि शेवटी नाहीशीच होतात. उन्हाळ्यात हा सगळा पट्टा लालेलाल होतो. तुम्ही ‘जळलेलं’ म्हणालात तो रंग हाच. जळलेलं काही नाही.

त्याच्याही पलीकडचा उघडा चिखल तुम्हाला सगळ्यात जास्त खटकला. पावसात त्यावर वीत-दोन वीत पाणी असतं, उन्हाळ्यात मिठाचा पापुद्रा. मोठं झाड तिथे जगूच शकत नाही, कारण कोरड्या दिवसांत मातीतलं पाणी समुद्राहून कितीतरी खारं होतं. समुद्राचं पाणी दर हजारी 35 भाग खारं. इथे त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज. मीठ पिकवायला याहून चांगली जमीन कुठली? 1930 च्या एप्रिलमध्ये राजाजी तिरुचिरापल्लीहून पायी निघाले ते मिठासाठी वेदारण्यमलाच. पण वर झाड नाही म्हणून खाली काही नाही, असं नव्हे. ओल्या चिखलावर सूक्ष्म शेवाळांची साय असते, तिच्यावर किडे-अळ्या-बारके शिंपले, आणि त्यांच्यावर हिवाळ्यात येणारे हजारो चिखले पक्षी आणि रोहित. सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या माणसांनी इथे वर्षानुवर्षं पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घातली, ती या उघड्या चिखलामुळेच. चोच खुपसणाऱ्या पक्ष्याला झाडी नको असते. त्याला लांबवर मोकळं दिसायला हवं.

मुत्तुपेटची खारफुटी पाहायला तुम्हाला वेळ मिळाला नाही, तरी ती इथे आणणं भाग आहे. तिथे बहुतेक सगळी तिवर. अधूनमधून काजळा, मारांडी, आणि गेवा. गेव्याची फांदी मोडू नका, चीक डोळ्यात गेला तर फार हाल होतात. कोकणातल्या खाडीत चिप्पी, कांदळ, तिवर असे थर दिसतात, तसे इथे शोधू नका; भरतीचा पल्ला आखूड, वरून येणारं गोडं पाणी कमी, म्हणून जास्तीत जास्त मीठ सोसणारी एकटी तिवर पुरून उरली.

या खारफुटीची एक गोष्ट तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला थेट भिडते. ब्रिटिश काळापासून 1970 च्या दशकापर्यंत तिथे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, पाडून सरसकट तोड होत असे. झाडी गेली, चिखल उघडा पडला, वाळला, आणि थोडासा खचला. थोडासाच. पण त्याने बशीसारखे खळगे झाले. भरतीचं पाणी त्यात शिरायचं आणि बाहेर पडायचं नाही. आटून आटून इतकं खारं व्हायचं की तिवरसुद्धा परत येईना. रोपं लावून उपयोग नव्हता. शेवटी एम. एस. स्वामीनाथन रिसर्च फाउंडेशन आणि वनखात्याने वेगळाच मार्ग धरला: माशाच्या काट्यासारखे मुख्य चर आणि त्याला तिरके उपचर खणले, पाण्याला येजा करायला वाट दिली. मिठाचं प्रमाण उतरलं, मग तिवर धरली. बिघडली होती वीतभर उंची. दुरुस्त करावं लागलं ते पाणी.

आता झाडं लावण्याबद्दल. किनाऱ्यावर सुरूची झाडं लावायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तिला जोर आला. सुरू वाळूत झपाट्याने वाढते, मुळांवरच्या गाठींमुळे नत्राची चिंता नाही, सरपण मिळतं, गावामागे वाऱ्याला आडोसा होतो. गावालगतच्या पडीक वाळूवर लावली तर माझी हरकत नाही. पण पुढच्या टेकडीवर लावली, की तिच्या सुयांचा थर खाली काही उगवू देत नाही. मर्यादवेल आणि रावणाची मिशी निघून जाते, आणि वाळू बांधून ठेवणारं जाळंच तुटतं. वादळात लाट टेकडीच्या पायथ्याला लागली की सुरूचं झाड मुळासकट आडवं होतं आणि जाताना वाळू घेऊन जातं. वेलीची टेकडी कापली जाते, पण पुढच्या हंगामात वेल पुन्हा खाली उतरते. कासवं अंडी घालतात अशा पुळणीवर दाट सावली आणि मुळं नकोत, हे वेगळंच.

मैदानावर आणि दलदलीच्या काठावर झाडं लावायला माणसाची गरजच उरलेली नाही. वेडी बाभूळ ते काम स्वतः करतेय. तिच्या शेंगा गोड. काळवीट आणि घोडी खातात, आणि लेंड्यांतून बी मैदानभर पेरतात. ज्या प्राण्यासाठी अभयारण्य झालं तोच आपलं कुरण बुजवतोय, आणि त्याला त्याचा पत्ता नाही. तुम्हाला हिरवंगार आणि ‘छान सावलीचं’ वाटलेलं जे रान दलदलीच्या वाटेवर होतं, ते बहुधा हेच. ती नुसती तोडली तर बुंध्यातून दहा फांद्या फुटतात. बुंध्याखालची गाठ खणून काढावी लागते, आणि पुढची काही वर्षं दर पावसानंतर फिरून नवी रोपं उपटावी लागतात, कारण मातीत बी पडून असतं. पैसे पहिल्या वर्षासाठी मिळतात, त्यानंतर मिळत नाहीत. बहुतेक ठिकाणी काम तिथेच फसतं. मोठी यंत्रं आणायलाही मी नको म्हणतो. चाकांच्या चाकोऱ्या म्हणजे पुन्हा वीतभर खळगे, आणि खळग्यांचं काय होतं ते वर आलंच.

नोव्हेंबर 2018 मधल्या गाजा वादळाने इथल्या रानात पुष्कळ मोठी झाडं पाडली. तेव्हाही ‘ताबडतोब लागवड करा’ असा आग्रह झाला. शुष्क सदाहरित रानातली बरीच झाडं बुंध्यातून पुन्हा फुटतात. पडलेलं लाकूड, पालापाचोळा तिथेच राहू दिला तर रोपांना सावली मिळते. अशा वेळी मोकळ्या झालेल्या जागेत वेडी बाभूळ शिरू न देणं, एवढीच राखण मी सांगेन.

तुम्हाला विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा जायचंय, तर फेब्रुवारीत जा आणि जमलं तर मेमध्ये त्याच जागी परत. अभयारण्यात काम करायला आणि एक पान जरी तोडायचं असलं तरी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. अर्ज चार-सहा महिने आधी करा. समुद्राशी काटकोनात एक सरळ रेषा धरा, पुळणीपासून दलदलीपर्यंत. दर 10 मीटरला 1 मीटरची चौकट टाका, पण झाडोरा बदलताना दिसला की 10 मीटरची वाट न बघता तिथेही टाका. झुडपांसाठी 5 मीटरची, झाडांसाठी 10 मीटरची चौकट. प्रत्येक जातीचं किती टक्के आच्छादन, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

उंची मोजायला महागडं उपकरण नको. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन खुणा केलेल्या काठ्या पुरतात. दोन मुलांनी नीट धरली तर सेंटीमीटरपर्यंत बरोबर येतं. मोबाइलवर दिसणारी उंची अजिबात लिहू नका, तिची चूक इथल्या टेकडीपेक्षा मोठी असते. प्रत्येक चौकटीत मूठभर माती, एकास पाच पाण्यात ढवळून ईसी मीटरने (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणाऱ्या उपकरणाने) क्षारता. एक साधा हातगिरमिट असेल तर खोलगट भागात पाणी किती खाली लागतं तेही बघा आणि भोक बुजवून टाका.

मग आलेख काढताना आडव्या अक्षावर समुद्रापासूनचं अंतर घ्यायचा मोह होईल, सगळे तेच घेतात. एक आलेख तसा काढा. दुसरा, जमिनीची उंची आडवी घेऊन काढा, वाळू आणि चिखल यांचे ठिपके वेगळ्या रंगात. पहिल्यात खिरणी आणि सालिकोर्निया एकमेकींत घुसलेल्या दिसतील. दुसऱ्यात काय दिसतं ते मुलांना आधी सांगू नका.